मोंबासाचा उरलासुरला मध

पाडवा, ३० मार्च

नवी वही. आधी सगळ्यांची खुशाली, मग बाकीचं. बोटीवर रोज सकाळी डेकवर हजेरी व्हायची, "सगळे बरे ना?" विचारल्याशिवाय दिवस चालू होत नसे. एकतीस वर्षं खलाशी म्हणून काढली. बोट सुटली, हजेरी सुटली नाही.

बायकोला विचारलं, "गंगू, गुडघा कसा हाय?" म्हणाली, "तुमच्या तोंडापेक्षा कमी चालतो." म्हणजे बरी आहे. मुंबईला दीपकला फोन लावला. खुर्चीत बसून बसून पोराची पाठ धरलीय, सूनबाई ठीक. शेजारच्या धोंडूला कुंपणावरून हाक मारली, "खोकला काय बोलतो?" "तो बोलतो, मी आयकतो," म्हणाला आणि विडी पेटवली.

मग परसात मधाच्या पेट्यांकडे. चार पेट्या, चारही सातेरी माशांच्या. पाहिलेल्या बंदरांची नावं दिलीत त्यांना. एडन चिडकी, बसरा आळशी, कोलंबो अजून पोरवयातली. मोंबासा मात्र अशी दांडगी की जवळ उभं राहिलं तर तिचा आवाज पोटात ऐकू येतो. जांभळी फुलल्यात, चौघींची तब्येत झकास.

राहिलो मी. उजव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटाला सड्याच्या माळावर कातळ लागला, ते अजून ओलं आहे. मध लावून फडकं बांधतो. घसा सारखा कोरडा पडतो, तो उन्हाळ्यामुळे. डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केली त्या दिवसापासून चहासुद्धा फिका. सकाळी कोमट पाण्यातून दोन चमचे मध, दुपारी भाकरीला लावून, संध्याकाळी दुधातून. मध म्हणजे काही साखर नव्हे.

दीपकची मुलगी तेजस्वी येतेय. पुण्याला नोकरी करते, संगणकावर चित्रं काढायची. वर्षाचा पहिला मध माझ्या बोटावरून तिने चाटायचा, हा आमचा रिवाज ती फ्रॉक घालायची तेव्हापासूनचा आहे. नोकरीला लागली तरी चुकवला नाही.

६ एप्रिल

तेजस्वी आली, आणि गणपतीपर्यंत राहणार म्हणते. काम इथूनच करणार. एवढं अचानक कसं, विचारलं तर म्हणाली, "आजीनं फोन केला होता." गंगू म्हणाली, "मी कशाला करू? पोर आपनहून आली." दोघींची तोंडं दोन दिशांना. काहीतरी शिजतंय, पण बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही.

आल्या आल्या माझ्या पायाकडे बघत बसली. मी पाय धोतराखाली घेतला.

जेवायच्या वेळेला नवीनच. पोर म्हणाली, "आजी, मी दूध, दही, तूप, अंडं, मासळी सगळं सोडलंय. जनावरांकडून आलेलं काहीच खात नाही. ह्याला व्हीगन म्हणतात."

गंगूच्या हातातला कालथा थांबला. "जल्लं मेलं! मासळी पन नाय? मग काय वारा खानार?"

"घावनाबरोबर नारळाचा रस देतेस तो कशाचा असतो, आजी?"

गंगू बोटांवर मोजायला लागली. घावन-रस, कुळथाची पिठी, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी. मोजता मोजता तोंडावर उजेड पडला. "अगो, तुजा आजा बोटीवर नि दारात गाय नाय, तवा आमी बारा म्हैने तेच व्हतो की! निस्तं नाव म्हाईत नव्हतं."

"आणि मासळी?" मी विचारलं.

"ती मिळाली तर," गंगू म्हणाली.

९ एप्रिल

आज मोंबासाची एक चौकट काढली. जांभळीचा मध, रंग काळपट तांबूस, मागून किंचित तुरट. पोरीला हाक मारली. ती माशांत बिनधास्त उभी राहते. आमच्या अख्ख्या घराण्यात मला सोडून तेवढी एकच. मी बोट बुडवून पुढे केलं.

"आबा," ती म्हणाली, "मी मध पण नाही खात."

माझं बोट तसंच हवेत. एक माशी येऊन त्यावर बसली. शेवटी मीच चाटलं. वाया कशाला घालवा.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण बोलून दाखवायचं नाही.

१० एप्रिल

दूध समजलं. अंडं समजलं. पण मध? वालाच्या शेंगा सोलताना काढलाच विषय.

"मध फुलांचा गो. माशी नुसती हमाल."

"हमालाच्या डोक्यावरचा माल न विचारता उतरवून घेतला, तर त्याला काय म्हणतात, आबा?"

"मग आंबा कसा चालतो तुला? मोहरावर कोणी बसलंच नाही तर आंबा धरेल?"

"मोहरावर येते ती तिच्या पोटासाठी, खाते आणि जाते. आंबा काय तिने साठवलेला नसतो. मध तिने पावसाळ्यासाठी ठेवलेला असतो."

मी एक शेंग उगाच दोनदा सोलली. मग विचारलं, "तुमच्यात सगळ्यांचं हे असंच ठरलंय?"

"नाही ना. ज्यांनी हे सुरू केलं त्यांनी मध नको म्हटलं. पण काही जण खातात. म्हणतात, माशी म्हणजे गाय नव्हे. काही म्हणतात, पाळणारा चांगला असेल तर हरकत नाही. माझं अजून नक्की नाही. ठरेपर्यंत खात नाही, इतकंच."

हे मला फार आवडलं. जगात उलटं चालतं. ठरेपर्यंत सगळे खात असतात.

मात्र एक झालं. 'कधीच नाही' असं पोर म्हणाली नाही. म्हणजे दार नुसतं लोटलेलं आहे, कडी लागलेली नाही.

१५ एप्रिल

रत्नागिरीला गेलो होतो. बाजारात ओसवालशेठकडे पेट्यांसाठी खिळे घेतले. शेठ जैन. मला माहीत होतं की ते मध खात नाहीत, पण का, हे तीस वर्षांच्या ओळखीत विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

शेठ म्हणाले, "पूर्वी पोळं जाळून, पिळून मध काढत. अंडी, पिल्लं, सगळं त्यात. आमच्या वाडवडिलांनी तेव्हाच हात जोडले."

"पण मी यंत्रात फिरवून काढतो. एक पिल्लू मरत नाही."

"मानतो ना. पण लवूभाऊ, एकदा ओढलेली रेघ रोज पुसून नवी ओढायची नसते."

"आणि दूध?"

"दूध घेतो की," शेठ हसले. "ती रेघ पलीकडून गेलीय."

येताना एस्टीत विचार करत होतो. शेठ दूध पितात, मध खात नाहीत. धोंडू बोकड खातो पण शिंपले बघितले की तोंड फिरवतो. गंगू सोमवारी मासळी शिजवते पण चाखत नाही. तेजस्वीची रेघ सगळ्यात लांबून गेलीय एवढंच. माझी कुठे आहे? मी डॉक्टरीणबाईंची रेघ पाळतो. साखर नाही म्हणजे नाही.

२२ एप्रिल

पोरीने आज मला पुरतं कोंडीत पकडलं.

पेट्या साफ करत होतो. विचारते, "मध तुम्ही काढून घेतल्यावर पावसात ह्या काय खातात?"

"मी साखरेचा पाक करून देतो ना. उपाशी नाही ठेवत."

ती खाली दगडावर बसली. "म्हणजे साखर वाईट म्हणून तुम्ही त्यांचा मध खाता. आणि त्यांना साखर देता."

धुराचा डबा माझ्या हातात विझून गेला. इतकी वर्षं पेट्या राखतोय, पण हे असं शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं.

मग तिथेच उभ्या उभ्या सौदा झाला. ह्या साली आता ह्यापुढे कुठल्याच पेटीचा मध काढायचा नाही. पाकही द्यायचा नाही. त्यांचं त्यांना पुरतं का, ते बघायचं. पाऊस सरल्यावर पेटी उघडायची, आणि खाऊन काही उरलं असेल तर?

"उरलं असेल तर मी चाखेन," पोर म्हणाली. "उरलेलं घेणं म्हणजे चोरी नाही. पण तोवर तुम्हीही मध खायचा नाही. एक थेंबही नाही. घरातल्या बाटल्यासुद्धा बंद."

"माझा काय संबंध?"

"मी खात नाही, माशा सोडून कोणीच खायचं नाही. प्रयोग म्हणजे प्रयोग."

बरोबर वाटलं. "देवाची बाटली सोडून," मी म्हटलं. देव्हाऱ्यात पंचामृतासाठी एक असते. तेवढी तिने सोडली.

एका पावसाळ्याचा तर प्रश्न. मग पुन्हा माझं बोट आणि तिची जीभ.

३ मे

तेजस्वीने एक छोटं यंत्र आणलंय. सकाळी माझ्या बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब लावते आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवते. तिला आकड्यांचा छंद दिसतो. मी बोट देतो. पोरीचं मन रमतं.

शिवाय रोज माझा पाय धुऊन पट्टी बांधते. मी म्हटलं मध लाव, तर म्हणते तोही प्रयोगात बसत नाही.

मधाशिवाय सकाळ म्हणजे भोंग्याशिवाय बोट. निघते, पण निघाल्यासारखं वाटत नाही.

२० मे

उतारवयात देवाचं करावं म्हणतात ते खरं. आठ-दहा दिवस रोज देवांना पंचामृताचा अभिषेक घालतोय. मन फार शांत होतं. पंचामृतात साखर घालायची रीत आहे, पण मला शुगर आहे म्हणून मी साखर घालत नाही. तिच्या जागी मध दुप्पट घेतो. मागाहून वाटीतलं तीर्थ. तीर्थ नाकारू नये, सांडू तर मुळीच नये.

धोंडू म्हणाला, "लवूदादा, तू नि देवपूजा? बोटीवर वादळात पन देवाचं नाव न्हाय घेतलंस."

"तेव्हा वेळ कुठे होता," मी म्हटलं.

२ जून

आजचा दिवस वाईट. पण लिहितो.

सकाळी पोरीने आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. "आबा, हा पुन्हा वर कसा जातोय? खाता काय तुम्ही?"

"तू देतेस तेच."

तेवढ्यात गंगू देवघरातून बाटली घेऊन आली. तळाला बोटभर मध. "देवानं खाल्लान बघ," म्हणाली. "रोज आंगोळ घालून घालून देवाला सर्दी झाली आसंल. आनि वाटीभर तीर्थ पिनारा ह्यो भगत!"

पोरीने बाटली उजेडात धरून बघितली. रिक्षा बोलावली आणि मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पट्टी सोडली, बोट दाबलं. मला नीट कळलंसुद्धा नाही कुठे दाबलं ते. म्हणाल्या, "आजोबा, ह्या बोटाचा रंग मला आवडत नाही. साखर अशीच राहिली तर महिन्याभराने बोट काढावं लागेल. बोटावर थांबलं तर नशीब, नाहीतर पाऊल." गोळ्या बदलल्या, रोजच्या पट्टीचं सांगितलं.

मी म्हटलं, "बाई, अजून नऊ आहेत." कोणी हसलं नाही.

बाहेर आलो तर तेजस्वी पायरीवर बसून रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "अगो, कोलंबोची काळजी लागली ना तुला? बारकी असली तरी निभावेल ती पावसात." पोर हसायला लागली, आणि हसता हसता आणखी रडली. माशांवर एवढी माया मी तरी कोणाची बघितली नाही.

येताना रिक्षात म्हणाली, "आबा, मला त्या पेट्यांचं उत्तर खरंच हवंय. पण तुम्ही तीर्थ पीत राहिलात तर प्रयोग फसला."

"माशा पेटीत, मी देवघरात. माझ्यानं तो कसा फसेल?"

"त्या आपल्या साठ्यावर राहतात का ते बघतोय ना आपण? मग माणूस त्यांच्या साठ्याशिवाय राहतो का, हे कोण बघणार?"

हे बोलणं मला सबंध पटलं. प्रयोगाची अर्धी बाजू माझ्याकडे आहे, हे तिने आधी नीट सांगायला हवं होतं.

३ जून

बाटली धोंडूला देऊन टाकली. म्हणाला, "खोकल्यानं शेवटी कायतरी कमावलं!" देवांना साध्या पाण्याने आंघोळ घातली. त्यांचा चेहरा होता तसाच होता.

११ जुलै

कोलंबो गेली.

चार दिवसांची झड उघडली, तासभर ऊन पडलं, आणि तेवढ्यात सगळी वसाहत उठून निघून गेली. पेटी उघडली तर पोळी कोरडी ठणठणीत, कोपऱ्यात मेणकिडा. सातेरीचं असंच. घरात काही उरलं नाही की भांडत नाही, बसत नाही, उठून चालू लागते.

मी पाक दिला असता तर राहिली असती. बहुतेक.

तेजस्वी रिकाम्या पेटीसमोर पावसात उभी होती. म्हणाली, "चूक माझी. मी त्यांना वाचवायला निघाले आणि उपाशी ठेवलं."

"गेली म्हणजे मेली नव्हे," मी म्हटलं. "एखाद्या ढोलीत असेल बसलेली." हे खरं की खोटं मला ठाऊक नाही. भर पावसात बाहेर पडलेल्या वसाहतीचं काय होतं ते समुद्रावर बघितलंय, म्हणजे माणसांच्या होडीचं.

एडन आणि बसराही हलक्या लागल्या. मी काही सुचवायच्या आत पोर घरात गेली, चुलीवर टोप चढवला आणि साखरेचा पाक करायला लागली. गंगू म्हणाली, "काय गो, तुजा नेम?"

"नेम माझा आहे, आजी. त्यांनी कुठे केलाय?"

दोन पेट्यांना पाक दिला. मोंबासाला दिला नाही. ती अजून जड आहे. प्रयोग आता तिच्या एकटीवर.

मनात एक आलं, ते लिहितो. पेटी बांधली मी. माशा ढोलीतून काढून त्यात ठेवल्या मी. मग पावसात उपाशी राहिल्या तर बघायचं कोणी? मध घेणं चूक असेल कदाचित, पण घेत नाही म्हणून सांभाळायचंही नाही, असं कसं चालेल? पोरीला विचारलं. म्हणाली, "माहीत नाही, आबा." माहीत नाही म्हणणारी माणसं मला आवडतात. बोटीवर असा एकच कप्तान भेटला होता, आणि त्याची बोट कधी खडकावर चढली नाही.

६ ऑगस्ट

अजब झालं. बोटाची जखम सुकली! डॉक्टरीणबाईंनी दोनदा उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाल्या, "आता काढायची गरज नाही."

कारण मला सापडलंय. मागच्या महिन्यात एडनला पाक देताना एक माशी त्याच पायाला चावली होती. माशीच्या विषात औषध असतं, हे जुने लोक सांगायचे. बाईंना सांगितलं तर त्या तेजस्वीकडे बघून म्हणाल्या, "असेल, असेल." शिकलेल्या असूनही मोकळ्या मनाच्या आहेत.

घसाही कोरडा पडत नाही हल्ली. पावसाळी हवा.

पोरीच्या मोबाइलमधले आकडे उतरत चाललेत. तिला त्याचा एवढा आनंद का होतो कोण जाणे. मी म्हटलं, "आकडा लहान झाला की तुझा छंद मोठा होतो." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. आजोबाला!

२८ ऑगस्ट

काल गणपती आले. दीपक, सूनबाई, सगळी मुंबई घरात. घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि माझ्या पायाला आता कुठेही चालायला हरकत नाही.

पंचामृताला मध नव्हता. गंगूने भटजींना विचारलं. ते म्हणाले, "नसला तर गूळ चालतो, काकी." एवढं सोपं होतं! गूळ घातला. तेजस्वीने दूध-तुपाला नाक मुरडलं नाही. म्हणाली, "देवाचं देवाला, मी घेत नाही एवढंच." मला तीर्थ तिनेच दिलं, पळीने, मोजून एक थेंब. हात पुढे करून उभा राहिलो तर म्हणते, "पुढे सरका आबा, मागे रांग आहे."

दीपकने सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, यंदा मध नाय?"

"ठरायचंय अजून," मी म्हटलं. "ठरेपर्यंत नाही."

७ सप्टेंबर

पोर पुण्याला गेली. कंपनीने बोलावलं. पेटी उघडेपर्यंत थांब म्हणणार होतो, पण रानातली किंजळीची झाडं फुलल्याशिवाय आणि पाऊस ओसरल्याशिवाय उघडायची नाही, हा नियम माझाच.

सुई टोचायचं यंत्र इथेच विसरली. फोन करून कळवलं तर म्हणाली, "राहू दे, तुमच्याकडेच असू दे." एवढी महागाची वस्तू. म्हटलं, तुझ्या आकड्यांत खंड पडेल. तर म्हणते, "मग तुम्ही लिहून ठेवा ना, आबा." आता रोज सकाळी मीच टोचतो आणि वहीच्या मागच्या पानावर लिहितो. छंद तिचा, टोचणी मला!

घर मोठं झाल्यासारखं वाटतं.

४ ऑक्टोबर

सकाळी मोंबासा उघडली. मागून तेजस्वीला पत्र लिहिलं. फोनवर पोर हो-नाही करून मोकळी होते, कागदावर माणूस विचार करतो. बोटीवरून पत्र धाडताना नक्कल ठेवायची सवय होती, कारण कुठलं पत्र पोचेल त्याचा नेम नसे. म्हणून इथे उतरवतो.

चि. तेजस्वीस,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? कंपनीतलं जेवण तुला चालतं का, की वारा खातेस? आजी विचारतेय. तिचा गुडघा जिना सोडला तर बरा. धोंडूचा खोकला गेला. तो म्हणतो, देवाच्या मधाने गेला. आजी म्हणते, विडी संपली म्हणून गेला. एडन पुन्हा चावायला लागली, म्हणजे बरी आहे. बसरा आहे तशीच. कोलंबोचं म्हणशील तर धोंडूच्या बांधावरच्या उंडणीच्या झाडाच्या ढोलीत एक सातेरी वसाहत दिसलीय. तीच का, ते सांगता येत नाही. मी हाक मारून बघितली. तू हसशील म्हणून कोणत्या नावाने ते लिहीत नाही.

आता मोंबासा. वाचलीय. पाकाचा थेंब न घेता सबंध पावसाळा काढला तिने. आपण ठेवलेला मध जवळजवळ सगळा संपलाय. माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगतो: इतकी वर्षं मी जो जास्तीचा समजून काढत होतो तो जास्तीचा नव्हता गो. त्यांच्या घरातलं पावसाळ्याचं भात होतं ते.

पण सगळा नाही संपला. शेवटच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, माझ्या तळहातात मावेल एवढा मध उरलाय, वर मेणाचं झाकण. जांभळीचा, रंगावरून कळतो. किंजळ फुललीय, नवा मध यायला लागलाय, म्हणजे आता ह्या जुन्यावाचून त्यांचं अडणार नाही, असं मला वाटतं. त्यांना काय वाटतं ते कळायला मार्ग नाही.

तर सौद्याप्रमाणे हा उरलेला की नाही? मी सुरी घेऊन उभा होतो. झाकणाला एके ठिकाणी टोक लागलं आणि वास आला. चार महिन्यांनी. बोट पुढे गेलं होतं, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, हे ठरवायचं काम माझं एकट्याचं नाही. चौकट होती तशी ठेवली आणि पेटी बंद केली. घरात येऊन तुझ्या यंत्राने आकडा काढला. तू असतानाच्या सगळ्यांपेक्षा लहान आला. तुला आवडेल म्हणून कळवतो.

आजी म्हणते, "तो कोपरा राहू दे मेला, पन पोरगी येऊ दे." तू येशील तर चौकट आपण दोघं मिळून उघडू. चाखायचा की नाही ते तू तिथेच ठरव. नाही म्हणालीस तरी चालेल. मी बोट पुढे करणार नाही, नुसता शेजारी उभा राहीन.

मात्र त्या कोपऱ्याचं झाकण माझ्या सुरीने थोडं फुटलंय. निघताना दोन माशा तिथे बसलेल्या बघितल्या. त्यांना कोणी सौदा सांगितलेला नाही. तू उत्तराला उशीर केलास तर त्या आपलं आपण ठरवून टाकतील आणि आपल्याला विचारायला काही उरणार नाही.

म्हणून हे पत्र मिळताच लिही.

तुझा,
आबा